बोला की

आमच्या हुपरीच्या घरात फोन एकच होता आणि त्याच्यावरून आप्पांची नि माझी जुंपायची. आप्पा म्हणजे माझे वडील. चांदीचे पैंजण घडवायचं काम घरातच चालायचं. पुढची मोठी खोली कारखान्याची, मागच्या दोन संसाराच्या, आणि मधल्या भिंतीला तो काळा फोन. व्यापाऱ्यांचं सगळं बोलणं त्याच्यावर. मी कोल्हापूरला कॉम्प्युटरचं शिकत होते. सुट्टीला घरी आले की फोनची वायर उपसून कॉम्प्युटरला लावायचे, मग मोडेम कुईं-खर्र-कुईं करून कोकलायला लागायचा आणि आप्पा भट्टीपुढून उठून यायचे. "काढ ती पिपाणी आधी! गिऱ्हाईक फोन लावून लावून दुसऱ्याच्या दारात जाईल." मी म्हणायचे, "पाच मिनिटं, आप्पा. लगेच काढतो." कोल्हापूरकडच्या पोरी आम्ही, आलो-गेलो-काढतो असंच बोलतो; पुण्यात नोकरीला लागल्यावर लोक हसले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की यात हसण्यासारखं काही आहे. "तुझी पाच मिनिटं मला म्हाईत हायत," आप्पा म्हणायचे आणि तिथंच कमरेवर हात ठेवून उभे राहायचे.

घर सतत वाजत असायचं. पुढं तार ओढायच्या यंत्राची कुरकुर, कड्या जोडताना गॅसच्या ज्योतीची फुसफूस, ओंडक्यावर हातोडीची ठकठक, कुणीतरी घुंगरांची परडी सरकवली की एकदम पाऊस सांडल्यासारखा आवाज. मागं आईचा पाटा-वरवंटा. आईनं खरडा मिक्सरमध्ये कधीच केला नाही. मिरच्या नि लसूण तव्यावर पडले की अख्खा कारखाना खोकायला लागायचा, पण खिडकी उघडायला कुणी उठत नसे, कारण भाकरी खाली उतरली की आधी पोचेल त्याला गरम मिळायची. आई बोलायची मोठ्यानं, आप्पा त्याहून मोठ्यानं, आणि शेजारच्या काकू भिंतीपलीकडून दोघांनाही उत्तर द्यायच्या. आमच्याकडं भांडण चाललंय की चहा घेताय का विचारतायत, हे परक्या माणसाला कळायला वेळ लागायचा.

या सगळ्या गलक्याच्या मधोमध माझा रघूकाका बसायचा, आणि त्याला यातलं काही ऐकू यायचं नाही. आप्पांचा धाकटा भाऊ. प्राथमिक शाळेत असताना मोठा ताप आला, तो उतरला तेव्हा कान घेऊन गेला. तोपर्यंत काका चांगला बोलका होता, म्हणजे आजीच्या शब्दांत 'तोंडाचा पट्टा'. तापातून उठून परत शाळेत गेला, मास्तरांनी धडा वाचायला उभं केलं, आणि स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या पोराचं वाचणं जसं होईल तसं झालं: एक शब्द केवढ्यानं तर दुसरा घशातच. वर्ग हसला. काकाला हसणं ऐकू आलं नाही, दिसलं. त्यानंतर तो घरात थोडं बोलायचा, मग आणखी थोडं, मग बंदच झाला. मी जन्मले तेव्हा तो न बोलणारा माणूसच होता. हसताना घशातून एक खळखळ यायची, तेवढाच त्याचा आवाज मला माहीत.

आमचं त्याच्याशी बोलणं चालायचं हातवाऱ्यांनी. अगदीच अडलं तर तळहातावर बोटानं अक्षरं लिहायची. आईच्या ओठांवरून त्याला बरंच कळायचं. आप्पांच्या ओठांवर मिशा होत्या, त्यामुळं आप्पांचं बोलणं त्याला आयुष्यभर निम्मंच समजलं. "चांगलंच झालं," असं आई म्हणायची. जेवताना सगळ्यांना हसू फुटलं की काका ताटावरून मान वर करायचा आणि भुवया उंचावून विचारायचा, काय? कुणीतरी हात हलवून सांगायचं, काय न्हाय. मग तो परत भाकरी मोडायला लागायचा. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. हातात घास, तोंडात घास, हसणं अर्ध्यावर. एवढी सगळी गंमत हातवाऱ्यांनी कोण सांगणार? पण त्या घरात काकाच्या वाट्याला सगळ्यात जास्त आलेली गोष्ट कुठली म्हणाल तर ती ही: काय न्हाय.

कॉलेजात शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचं होतं. माझी मैत्रीण सुजाता नि मी मिळून एक वेबसाइट बांधली. कुणीही यावं, टोपणनाव घ्यावं, मराठीत काहीतरी लिहावं, खाली दुसऱ्यानं उत्तर द्यावं, एवढंच. नाव सुजातानं ठेवलं: 'बोला की'. आज हे सांगताना माझ्या हाताखालची पोरं जांभया देतात, कारण आज हे काम दुपारच्या चहापर्यंत होतं. तेव्हा मराठी अक्षर पडद्यावर उमटवणं म्हणजे दिव्य होतं. आमच्या कॉम्प्युटरवर 'नमस्कार' दिसायचा, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर त्याच्या जागी रिकाम्या चौकोनांची माळ. जोडाक्षर आलं की पान कोसळायचं. मी हट्टानं ते लावून धरलं आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बसून पुरं केलं. की-बोर्डवरच्या इंग्रजी अक्षरांवर कागदाचे तुकडे चिकटवून त्यांच्यावर क, ख, ग लिहिले. काका कामातून उठून माझ्या पाठीशी येऊन उभा राहायचा नि बघायचा.

एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेले होते. परत आले तर काका खुर्चीवर. दोन बोटांनी, पैंजणाला घुंगरू लावावं तशा काळजीनं, एकेक अक्षर दाबत होता. पडद्यावर लिहिलं होतं: 'ह्ये कुनाला दिसतंय?'

मी त्याच्या तळहातावर लिहिलं, सगळ्यांना. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याला फसवतेय. तेवढ्यात खाली उत्तर आलं. जयसिंगपूरच्या नेट कॅफेत बसलेल्या कुठल्याशा पोरानं लिहिलं होतं, 'मला दिसतंय की. कोण तुमी?' काकानं बराच वेळ विचार केला आणि नाव टाकलं: हुपरीचा हाल्या. हाल्या म्हणजे रेडा. मग तो जो सुटला तो आप्पांनी फोनची वायर उपटेपर्यंत.

काकाचं लिहिणं वाचून मी चाट पडले. त्याचे कान गेले तेव्हा त्याच्या डोक्यात जी भाषा होती ती तशीच शिल्लक राहिली होती. आमच्या पंचगंगाकाठच्या म्हाताऱ्यांच्या शिव्या, आठवडी बाजारातल्या बायकांचं घासाघीस करणं, सोंगाड्याची नक्कल, सगळं शाबूत. नंतरचं काही ऐकलंच नव्हतं, त्यामुळं त्यात टीव्हीचं मराठी मिसळलं नव्हतं. आप्पा नि त्याच्या लहानपणीच्या उचापती तो अशा सांगायचा की कॅफेत बसलेली पोरं मोठ्यानं हसतात म्हणून मालक ओरडायचा, असं पोरंच लिहायची. सुजाता कोल्हापूरहून फोन करायची, "अगं, ह्यो हाल्या कोण हाय? त्याच्यासाठीच लोकं येत्यात." मी सांगितलं नाही. काकानंच तळहातावर लिहून बजावलं होतं, सांगू नको.

त्याचं सगळ्यात जास्त जमायचं, म्हणजे भांडण जमायचं, ते 'कबनूरची आक्का' या नावाच्या बाईशी. भडंगात लसूण सोलून घालायचा की सालीसकट ठेचून, यावर दोघं पंधरवडाभर लढली. आक्का लिहायची, 'हाल्या, तुमच्या हुपरीत चांदी खाता का काय तुमी? जिभेला चव म्हणून न्हाय.' काका लिहायचा, 'आक्का, सोललेला लसूण म्हणजे टक्कल केलेला म्हेवणा.' रात्रीच्या जेवणाला बसलं की तो हातवाऱ्यांनी आम्हाला ते सगळं सांगायचा, आणि आता आई-आप्पा हात थांबवून विचारायचे, मग? पुढं ती काय म्हणाली? आप्पांनी वायर उपटणं बंद केलं. उलट एकदा व्यापाऱ्याशी बोलताना मी त्यांना ऐकलं, "संध्याकाळी फोन लावू नगा. भाऊ कामात असतो."

पुढं आयुष्यभर मी हेच काम केलं, लोकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून पानं बांधायची. मोठमोठ्या बैठकांत बसले. पडद्यामुळं माणसं एकमेकांपासून तुटली, असं हल्ली भाषणांत सांगतात, आणि मी माना डोलावते, कारण त्यात खरं पुष्कळ आहे. माझ्याच घरात जेवताना तिघांच्या हातात तीन फोन असतात. पण त्या वेळी आतून मला काकाची मान दिसते, ताटावरून वर झालेली. 'बोला की'वर प्रत्येक शब्द त्याच्या डोळ्यांसमोर होता. कुणाचं हसणं त्याच्याकडून सुटत नव्हतं. तिथं त्याला कुणी काय न्हाय म्हणू शकत नव्हतं.

मग सुजाताच्या डोक्यात आलं की सगळ्यांनी एकदा प्रत्यक्ष भेटायचं. आक्कानं ताबडतोब लिहिलं, 'आमच्या घरी या. दारात मंडप घालतो. पण हाल्या येनार आसंल तरच.' खाली रांग लागली: हाल्या पाहिजेच, हाल्याशिवाय मजा न्हाय, हाल्याच्या तोंडून गोष्ट ऐकायचीय. तोंडून. मी तो शब्द वाचला आणि काकाकडं बघितलं. काकानंही वाचला. खुर्चीवरून उठला नि कामाला जाऊन बसला. त्या दिवशी नि दुसऱ्या दिवशी त्यानं काही लिहिलं नाही. लोक विचारायला लागले, हाल्याला कुणी बाजारात विकलं का काय?

घरात दोन तट पडले. आप्पा म्हणाले, "न्हेऊ नगंस त्याला. तितं त्यो राजा हाय, तितंच राहू दे. समोर गेला की हसतील लोकं, आनि मग ह्ये बी जाईल त्याचं." आई म्हणाली, "हसतील तर हसतील. चाळीस वर्साचा बाप्या त्यो, त्याला इचारा की." काका आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होता. आप्पांच्या मिशांनी काय म्हटलं ते कळलं नसावं, पण आईचं कळलं. तो उठला, कॉम्प्युटरपाशी गेला, आणि दोन बोटांनी लिहिलं, 'येतो.' मी त्याच्या हातावर लिहिलं, आधी सांगून ठेवू का त्यांना? त्यानं मूठ मिटून घेतली.

भेटीच्या दिवशी त्यानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आम्ही दोघं एसटीनं इचलकरंजीला गेलो नि तिथून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून कबनूरला. गल्लीत शिरलो तसा एक धाडधाड आवाज वाढत गेला. आक्काच्या घराला लागूनच यंत्रमागाचं शेड होतं. दारात ती उभी, साठीच्या आसपासची, धिप्पाड, पदर खोचलेला, हातात चहाची किटली. मंडपात कोल्हापूरहून आलेली सुजाता नि आणखी दहा-पंधराजण होते, बहुतेक कॉलेजची पोरं. जयसिंगपूरच्या पोरानं भडंगाचं पोतंच आणलं होतं.

"कुटाय हाल्या?" आक्का कडाडली. मी काकाकडं बोट दाखवलं. ती किटली घेऊन तरातरा पुढं आली. "या पावणं! बोला आता. लसनाचं बोला की समोर!"

काका हसला. सगळे वाट बघत होते. त्यानं हात थोडा वर केला, परत खाली घेतला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मला बोलायचं होतं, पण काकानं माझ्या दंडाला धरलं होतं. मग त्यानं स्वतःच कानाकडं बोट नेलं, आणि हात हलवून दाखवलं: नाही.

जयसिंगपूरच्या पोराच्या हातात भडंगाची मूठ तशीच राहिली. आक्कानं काकाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मग ती ज्या सुरात लसणावर भांडायची त्याच सुरात म्हणाली, "आवं, मग त्यात काय एवढं? मागावर बसून माझं बी निम्मं कान गेल्यात. चला आत."

तिनं काकाच्या मनगटाला धरलं आणि सरळ शेडमध्ये नेलं. आम्ही मागोमाग. आत शिरताच आवाज अंगावर कोसळला. सगळे माग एकदम चाललेले, धोटे इकडून तिकडं आपटतायत, जमीन थरथरतेय. मी सुजाताच्या कानाला तोंड लावून ओरडले तरी तिला ऐकू गेलं नाही. आणि तिथं काम करणारी माणसं मात्र आरामात गप्पा मारत होती. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या बाईला काहीतरी सांगत होता, तोंडाची मोठी, स्वच्छ हालचाल करून, जोडीला हात. ती हसत होती. आयुष्य तिथं काढल्यामुळं सगळ्यांनाच ओठ वाचता येत होते. आक्का काकापुढं उभी राहिली आणि तशाच मोठ्या तोंडानं काहीतरी म्हणाली. काकाचा चेहरा बदलला. त्याला शब्दन् शब्द कळला होता. आमच्या घरात कुणाचंच बोलणं त्याला इतकं कधी कळलं नव्हतं.

त्यानं हातांनी उत्तर दिलं. तिनं मान हलवली, तोंडानं सांगा. काकानं आजूबाजूला बघितलं. इथं कुणाला कुणाचंच ऐकू येत नव्हतं. त्यानं ओठ हलवले. एका मागवाल्यानं खूण केली, कळलं. मग काका पुढं सांगायला लागला आणि मागवाले जवळ जमा झाले. मला त्याच्या गळ्याच्या शिरा दिसल्या, टरारून वर आलेल्या. मी चमकले. काका नुसते ओठ हलवत नव्हता. तो मोठ्यानं बोलत होता.

आणि वीज गेली.

भारनियमनाचे दिवस ते. सगळे माग एका दमात थांबले, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत माझ्या काकाचा आवाज एकटा उरला. केवढा मोठा, सपाट, जाडाभरडा, अर्धी अक्षरं गिळलेला. "...आनि म्हस जी सुटली, आमचा थोरला शेपटी धरून मागं, ती सरळ मांडवात! बाम्हन पळाला! म्हशीच्या शिंगावर अंतरपाट...!"

मग त्याला पायाखालची जमीन शांत झालेली जाणवली. तो थांबला. त्यानं मागांकडं बघितलं, मग आमच्याकडं, आणि चेहऱ्यावरचा रंग उडाला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं, आता हा परत मिटणार, आणि या वेळी कायमचा.

आक्का त्याच्या पुढ्यात सरकली. हातवारा नाही, दिलासा नाही. कपाळाला आठी घालून, तोंड मोठं करून तिनं विचारलं, "थांबलासा का? नवरी कुटाय? नवरीचं सांगा की!"

काका तिच्या तोंडाकडं बघत राहिला. कुणी हसलं नाही. मागवाला पुढं झुकून उभा होता, पोरं दाराशी दाटली होती, सगळ्यांनाच नवरीचं पुढं काय झालं ते पाहिजे होतं.

"नवरी," काका म्हणाला. आवाज फुटला. त्यानं परत म्हटलं, "नवरी हसाय लागली. पाटावर बसून हसाय लागली. तिची आई म्हनती, गप, गप. ती गप बसंना. मग नवरा बी हसला."

"आनि लगीन?"

"झालं की! म्हशीसंगट फोटो काढला!"

तेव्हा शेड हसलं, छपराचे पत्रे हलतील इतकं हसलं, आणि काका ते हसणं डोळ्यांनी बघत होता, प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून नजर फिरवत, जेवायला वाढताना कुणी राहिलं तर नाही ना हे बघावं तसं.

वीज संध्याकाळपर्यंत आली नाही. त्यानं आणखी किती गोष्टी सांगितल्या कोण जाणे. जिथं अक्षरं कळायची नाहीत तिथं पोरं बिनदिक्कत ओरडायची, "काय? परत सांगा!" आणि तो परत सांगायचा. 'बोला की' पुढं काही वर्षांनी बंद पडलं. मोठमोठ्या साइट आल्या, लोक तिकडं गेले, मी तेव्हा रडलेही. आक्का आता नाही. काका सत्तरीला टेकलाय, हुपरीतच असतो, आणि अख्ख्या नात्यातल्या माणसांना फोनवर आवाजाचे निरोप पाठवतो, मिनिट-मिनिटाचे. त्याला स्वतःला ते ऐकू येत नाहीत. ते लिहून पाठव म्हटलं की उत्तर येतं, 'बोटं दुकत्यात.'

त्या दिवशी परतीच्या एसटीत आम्हाला मागची जागा मिळाली. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला, "कुठं?" मी पिशवीतून पैसे काढत तोंड उघडलं, एवढ्यात काकानं माझ्यापुढं हात आडवा धरला.

"दोन हुपरी," तो म्हणाला.

गाडीतल्या चार-सहा माना वळल्या. कंडक्टरनं कपाळाला आठी घातली. "काय म्हनालासा?"

मी पैसे काकाच्या मुठीत ठेवले. काकानं मान ताठ केली आणि पहिल्यापेक्षा दुप्पट मोठ्यानं सांगितलं, "दोन! हुपरी!"

"आवं, ऐकू आलं की, वरडताय कशाला पावणं," कंडक्टर म्हणाला आणि दोन तिकिटं फाडून त्याच्या हातात दिली.